मुंबईत मिळणाऱ्या तिसऱ्यांचा इटालियन पास्ता घरी जमेल का?

नक्की जमेल. नेपल्सकडे शिंपल्यांची स्पॅगेटी करतात, तिला आपल्या तिसऱ्या छान चालतात. कोळणीकडून घट्ट मिटलेल्याच घ्या. उघडी तिसरी टिचकी मारूनही मिटली नाही तर नको. तासभर मिठाच्या पाण्यात ठेवा, वाळू सुटते. ऑलिव्ह तेलात लसूण मंद आचेवर परता, करपू देऊ नका. सुकी मिरची, तिसऱ्या टाकून झाकण ठेवा. 3-4 मिनिटांत तोंडं उघडतात. न उघडलेल्या फेका. सुटलेलं पाणी मात्र गाळून ठेवा, सगळी चव त्यातच असते! पास्ता वेगळा उकळा, किंचित कच्चा असतानाच काढून त्या पाण्यात आचेवर घोळवा, रस दाट होऊन अंगाला धरला पाहिजे. मीठ चाखूनच घाला. वरून पार्सली. चीज नको, तिकडेही सहसा घालत नाहीत.