गुंजभर टेपचा हिशेब: मॉडेल हेलिकॉप्टरच्या पात्यांविषयी प्रश्नोत्तरे

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल हेलिकॉप्टरच्या पात्यांचा तोल कसा साधावा, याविषयी मुंबई आणि परिसरातील वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. आकडेमोडीसाठी ६०० मिलिमीटर लांबीचे, सुमारे १२० ग्रॅम वजनाचे पाते आणि मिनिटाला २००० फेऱ्यांचा हेडस्पीड (मुख्य रोटरचा, म्हणजे वर फिरणाऱ्या पात्यांच्या जोडीचा, वेग) गृहीत धरला आहे.

प्रश्न (दादर): जोडीने विकत घेतलेली कार्बनची पाती स्वयंपाकघरातील काट्यावर सारख्याच वजनाची भरली. तरीही जमीन सोडण्यापूर्वीच हेलिकॉप्टर थरथरू लागते. असे का व्हावे?

स्वयंपाकघरातील काटा सहसा एका ग्रॅमखालचा फरक दाखवत नाही, आणि येथे प्रश्न गुंजेचा आहे. एक गुंज म्हणजे सुमारे ०.१२ ग्रॅम. एवढे जादा वजन एका पात्याच्या टोकाशी असले, तर वरील वेगाला ते संपूर्ण रोटरला सुमारे ३५० ग्रॅमच्या जोराने बाहेर खेचते, आणि ही ओढ सेकंदाला ३३ वेळा गोल फिरते. म्हणून सराफ वापरतात तसा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्यावा.

तथापि, आपल्या तक्रारीचे मूळ बहुधा वजनात नसून गुरुत्वमध्यात आहे. दोन पात्यांचे वजन अगदी सारखे असले, पण एकाचा गुरुत्वमध्य दुसऱ्यापेक्षा केवळ ४ मिलिमीटर बाहेरच्या बाजूला असला, तरी फिरताना दोन किलोंहून अधिक जोराचा फरक पडतो. त्यामुळे काम गुरुत्वमध्यापासूनच सुरू करावे. पाते एखाद्या सरळ, पातळ कडेवर आडवे ठेवून ते जेथे स्थिर राहते तेथे पेन्सिलीने खूण करावी आणि बोल्टच्या भोकापासून खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. ज्या पात्याचे अंतर कमी भरेल, त्याच्या टोकाकडे टेप लावत जाऊन दोन्ही अंतरे एक करावीत. त्यानंतरच वजन करावे, आणि हलक्या पात्याला जितके वजन कमी पडते तितकी टेप बरोबर त्या खुणेवर गुंडाळावी. खुणेवर लावलेल्या टेपने वजन वाढते, पण गुरुत्वमध्य हलत नाही. हा क्रम उलटा केला, तर गुरुत्वमध्य जुळवताना वजन पुन्हा बिघडते आणि माणूस संध्याकाळभर टेप चिकटवत आणि सोलत बसतो.

दोन्ही पाती मुळाशी एकाच बोल्टने सरळ रेषेत जोडून तराजूसारखी तोलण्याची पद्धत अनेकजण पुरेशी मानतात. शेवटच्या पडताळणीसाठी ती उत्तम आहे, परंतु एकटी पुरत नाही: तराजूत पाती बोल्टभोवती तोलली जातात, तर प्रत्यक्षात ती बोल्टपासून आणखी सहा-सात सेंटीमीटर आत असलेल्या मुख्य शाफ्टभोवती फिरतात. एक पाते जड व आखूड गुरुत्वमध्याचे आणि दुसरे हलके व लांब गुरुत्वमध्याचे असले, तरी तराजू सरळ राहतो. शाफ्टला मात्र तो फरक जाणवतो.

हे काम करताना पंखा बंद ठेवावा, मग मे महिना असला तरी. ज्यांची इमारत रेल्वेमार्गाला लागून आहे, त्यांनी लोकल निघून जाईपर्यंत थांबावे.

प्रश्न (मुलुंड): घिरट्या घालताना एक पाते दुसऱ्याच्या वर दिसते. टेप वाढवून पाहिली, पण फरक पडला नाही.

पडणारही नाही, कारण हा दोष तोलाचा नसून ट्रॅकिंगचा, म्हणजे दोन्ही पाती एकाच पातळीत फिरण्याचा आहे. वर दिसणाऱ्या पात्याचा पिच (तिरकेपणाचा कोन) दुसऱ्यापेक्षा जास्त आहे, इतकाच याचा अर्थ. दोन्ही टोकांना वेगळ्या रंगांच्या पण सारख्याच लांबीच्या पट्ट्या लावाव्यात, म्हणजे वरचे पाते कोणते ते ओळखता येईल. या पट्ट्या तोल साधण्यापूर्वीच लावाव्यात, हे पुष्कळजण विसरतात. साध्या इन्सुलेशन टेपचा चार सेंटीमीटरचा तुकडाच साधारण गुंजभर भरतो. तो एकाच पात्याच्या टोकाला लावला, तर आदल्या दिवशीची सगळी मेहनत वाया जाते.

त्यानंतर पिच गेजने कोणत्या पात्याचा कोन चुकला आहे ते तपासून, त्याच पात्याच्या ग्रिपकडे (पाते धरणाऱ्या पकडीकडे) जाणारी लिंक (पिच ठरवणारी जोडदांडी) अर्ध्या किंवा एका आट्याने फिरवावी. पाहणी निदान दहा मीटरवरून करावी. रोटरच्या पातळीत डोळे आणून जवळून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. घिरट्या घालताना जुळलेली पाती पिच वाढवताच पुन्हा फाकत असतील, तर त्यांची लवचीकता एकसारखी नाही असे समजावे. अशी जोडी बदलणे हाच उपाय मला योग्य वाटतो.

प्रश्न (वसई): माझी लाकडी पाती मार्चमध्ये अचूक तोललेली होती, ऑगस्टमध्ये ती पुन्हा थरथरू लागली.

पावसाळ्यातील दमट हवा लाकडात मुरते, आणि दोन पाती सारख्या प्रमाणात पाणी पीत नाहीत. वेष्टन शाबूत असले, तरी बोल्टच्या भोकातून आणि उघड्या टोकातून ओल आत शिरते. या दोन जागा पातळ सुपरग्लू किंवा वार्निश देऊन बंद कराव्यात, पाती कपाटात उभी टांगावीत, आणि पावसाळा लागल्यावर एकदा व दिवाळीनंतर एकदा तोल पुन्हा तपासावा. नवी टेप लावण्याआधी जुनी पूर्णपणे काढावी. टेप नेहमी पुढच्या कडेवरून गुंडाळावी; केवळ मागच्या कडेला लावलेले वजन गुरुत्वमध्य मागे नेते आणि पाते वेगात फडफडण्याचा धोका निर्माण करते.

प्रश्न (डोंबिवली): मुख्य पाती बिनचूक आहेत, तरी शेपटी हळूहळू एका बाजूला सरकते. शेपटी स्थिर ठेवणारा गायरो बदलावा का?

इतक्यात नको. शेपटीचा रोटर मुख्य रोटरच्या साधारण साडेचार पट वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १५० वेळा फिरतो, आणि अशा जलद कंपनाने गायरोची दिशाभूल होते. मुख्य व शेपटीची, दोन्हीकडची पाती काढून मोटर चालवावी. कंपन राहिले, तर वाकलेला शाफ्ट किंवा खराब बेअरिंग शोधावे. ते थांबले, तर दोष पात्यांकडे आहे. मुख्य पात्यांविषयी आपली खात्री असल्याने शेपटीची पाती मुख्य पात्यांच्याच क्रमाने तोलावीत.

प्रश्न (ठाणे): पात्याचा बोल्ट किती आवळावा?

हेलिकॉप्टर आडवे धरले असता पाती आपल्या वजनाने खाली पडू नयेत, पण हलका झटका देताच हलावीत, इतका.

प्रश्न (चेंबूर): पडझडीत कार्बनच्या पात्याला बारीक तडा गेला आहे. चिकटवून आणि नव्याने तोलून ते वापरता येईल का?

नाही. पूर्ण वेगात प्रत्येक पाते आपल्या ग्रिपला सुमारे २०० किलोंच्या जोराने खेचत असते, आणि तोल कितीही अचूक साधला तरी तड्याची ताकद वाढत नाही. ते पाते वापरात पुन्हा येऊ नये म्हणून मोडून टाकावे. जोडीतील दुसरे पाते धडधाकट असले, तरी ते निराळ्या जोडीतील पात्याबरोबर लावू नये.