मेसेज दादाच्या मोबाईलवर येतो

‘अक्का, मी खानापूर तालुक्यातली. बी.एस्सी. नर्सिंग करून चार महिन्यांपूर्वी बेळगावात एका खाजगी हॉस्पिटलात लागले. परवा नाईट ड्युटीला चहा घेताना पगाराचा विषय निघाला. मी सहज बोलून गेले, मला बावीस हजार आहे, ग्रेड दोन. माझ्याबरोबरची सिस्टर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली. तिला सहा वर्षं झाली, अजून ग्रेड तीन, हातात साडेएकोणीस. तेव्हापासून हँडओव्हरपुरतं सोडलं तर ती माझ्याशी बोलत नाही. इन्चार्ज सिस्टरनीही बोलावून झापलं, पगार कुणाला सांगायचा नसतो म्हणाल्या. मी तिची माफी मागू का? खरं सांगायचं तर पगार किती पडतो ते मी बघितलेलंही नाही. खातं दादानं काढून दिलंय, मेसेज त्याच्याच मोबाईलवर येतो. तो खूप चांगला आहे, लागतील तसे फोनपे करतो. ते असू दे. त्या सिस्टरशी कसं बोलू तेवढं सांगा.’

ते कसं असू दे, पोरी?

माफीचं आधी उरकते. मागू नकोस. आपला पगार सोबतच्या माणसाला सांगणं हा कुठल्याही कायद्यात गुन्हा नाही. नेमणूक पत्रात तशी एखादी अट घातलेली असेल तर इन्चार्जबाईंना म्हणावं, दाखवा, वाचते. बहुतेक ठिकाणी ही अट कागदापेक्षा जिभेवरच जास्त असते. पगार एकमेकींना कळले तर कुणाला अडचण होते, हे तुला मी सांगायला नको. आणि ती सहा वर्षांची सिस्टर रुसली तर रुसू दे. रुसायचंच तर तिला सहा वर्षं त्याच ग्रेडवर बसवणाऱ्यांवर रुसावं, चार महिन्यांच्या पोरीवर काय म्हणून? नर्सेसच्या पगाराचं गाऱ्हाणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. त्यानंतर 2016 साली केंद्राच्या समितीनं सांगितलं, की दोनशेहून जास्त खाटांच्या खाजगी हॉस्पिटलनं सरकारी नर्सइतका पगार द्यावा आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी वीस हजारांच्या खाली जाऊ नये. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे, म्हणून ती कागदावरच राहिली बऱ्याच ठिकाणी. पण भांडायचं झालं तर भांडण तिथं आहे, चहाच्या कपापाशी नाही.

आता तुझ्याकडे येते. बावीस हजार हा आकडा तू कुठून आणलास? नेमणूक पत्रातून. खात्यात किती पडले ते तू चार महिन्यांत एकदाही बघितलेलं नाहीस, हे तूच लिहिलंयस. न घेतलेलं बीपी तू चार्टवर लिहितेस का? मग न बघितलेला पगार चारचौघींत कशी सांगून बसलीस?

पत्रातल्या आकड्यात काय काय मुरलेलं असतं ते बघ. समज, तुझा एकूण पगार वीस हजार आणि त्यात बेसिक बारा हजार. पीएफचे बारा टक्के, म्हणजे 1,440 रुपये, तुझ्याकडून कापतात आणि साधारण तेवढेच हॉस्पिटल भरतं. पगार 21,000 च्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे आजारपणाचा सरकारी विमा लागतो, त्याचे 150 तुझे, 650 त्यांचे. त्यांनी भरायचे पैसेही तुझ्याच नावावर दाखवले की पत्रात बावीस हजार होतात. तुझ्यातले कापून गेले की हातात येतात 18,400 च्या आसपास. ती सिस्टर सांगते तो आकडा हातातला, तू सांगितलास तो कागदावरचा. म्हणजे तुझं पत्र असं मांडलेलं असेल तर ग्रेड दोनवाली तू तिच्यापेक्षा हजारभर कमीच घेतेयस, आणि अबोला धरलाय तिनं! या सगळ्यात खरा आकडा ठाऊक असलेला माणूस एकच. तो ना वॉर्डात आहे ना नाईट ड्युटीला.

दादा चांगला असेल. मी त्याला वाईट म्हणत नाही आणि त्याच्या चांगुलपणाचं मला काही पडलेलंही नाही. रात्रभर जागून तू सलाईनी बदलायच्या, नातेवाइकांच्या शिव्या खायच्या, सकाळी सुजलेल्या पायानं रूमवर यायचं. आणि पगाराच्या दिवशी टिंग वाजायचं खानापुरात, त्याच्या खिशात! मग तुला चप्पल घ्यायची झाली की तू ‘दादा, हजार टाक की’ म्हणायचं. हे लाडाचं नाही, हे हिशेबाचं काम आहे, आणि हिशेब तुझा आहे. आपल्या भागात घरोघरी हेच चाललेलं मी बघते. शिकवतात हौसेनं, नोकरीही लावून देतात, फक्त पासबुक तेवढं कपाटात त्यांच्याकडे. लग्न ठरलं की तेच पासबुक एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जातं.

तर एकच काम कर. नाईटनंतरची जी सुट्टी येईल, त्या दिवशी झोप आवरती घे आणि खानापूरची बस पकड. आधार कार्ड बरोबर असलं की कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसच्या तिकिटालाही पैसे पडत नाहीत. घरी नंतर, आधी बँकेत. खात्याला तुझा मोबाईल नंबर लाव आणि खात्याचा उतारा छापून घे. चार महिने न बघितलेला तुझा पगार त्यावर सापडेल. आधारलाही दादाचाच नंबर जोडलेला निघाला तर आधार केंद्रावर जाऊन तोही बदल, नाहीतर पीएफ बघायला गेलीस की ओटीपी परत त्याच्याच मोबाईलवर जाईल.

दादाला विचारायला जाऊ नकोस, करून ये आणि सांग. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं तो म्हणेलच. त्यावर रडायचं नाही आणि भांडायचंही नाही. ‘आहे की, पण ओटीपीला दरवेळी तुला कुठं उठवत बसू’ म्हणायचं आणि एटीएम कार्ड मागून घ्यायचं. घरात पैसे द्यायचे असतील तर जरूर दे. आईच्या औषधाला दे, दादाच्या कर्जाला दे. तुझ्या हातानं, तुझ्या मोबाईलवरून दे.

परत आल्यावर एचआरकडून पगारपत्रकही माग. ते देणं त्यांच्यावर कायद्यानं बंधनकारक आहे, उपकार नव्हेत. ते हातात आलं की त्या सिस्टरला म्हण, तुझंही काढ, शेजारी ठेवून बघू. ती बघेल. पगार सोडून बाकी कशावरून माणसं इतक्या लवकर अबोला मोडत नाहीत.

बँकेतला फॉर्म बहुतेक कन्नड, हिंदी नाहीतर इंग्रजीत असतो. मराठीत का नाही हे आपलं जुनं रडगाणं, ते आता काढत नाही. इंग्रजीत भर. खातं उघडताना जशी सही केली होतीस तशीच कर, नाहीतर काउंटरवरून परत पाठवतात आणि तुझी सुट्टी फुकट जाते.