प्रथिनं 'विसरतात' का?

प्रश्न असा: भाषांतरात 'जिवंत मांसपेशींमधील प्रथिनांचे प्रसरण' असं शीर्षक दिलं होतं. तपासणाऱ्याने 'प्रसरण' खोडून 'विसरण' केलं. डिफ्यूजनला 'विसरण' हा शब्द बरोबर आहे का? असल्यास वाक्यात 'प्रथिनं विसरतात' असं लिहायचं का?

दुरुस्ती योग्य आहे. फक्त त्याच शीर्षकातला 'मांसपेशी' हा शब्द तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटला, त्याबद्दल पुढे.

प्रसरण, अभिसरण, परासरण, विसरण ही चारही भावंडं 'सृ' म्हणजे सरणे या धातूची. विज्ञानाच्या मराठीत उपसर्गांनी कामं वाटून घेतली आहेत. तापलेल्या रुळाचं होतं ते प्रसरण, म्हणजे वस्तूचं आकारमान वाढणं. त्यामुळे 'प्रथिनांचे प्रसरण' वाचून जाणकाराला प्रथिनाचा रेणू फुगला असं वाटेल. पडद्यातून पाणी पलीकडे जातं ते परासरण. द्रव स्वतःच वाहतो आणि आतल्या रेणूंनाही नेतो ते अभिसरण (रक्ताभिसरणातलं आणि तापत्या पाण्यातलंही). आणि द्रव जागच्या जागी असताना रेणू नुसत्या औष्णिक धक्क्यांनी इकडेतिकडे सरकत राहतात, ते विसरण.

अभिसरण आणि विसरण यांतला फरक स्नायूच्या बाबतीत फार नाजूक आहे. स्नायू आखडतो, सैल होतो. मग आतला द्रव ढवळला जाऊन प्रथिनं लवकर पोचत असतील, असं कुणालाही वाटेल. म्हणजे अभिसरण होत असेल. उंदराच्या अखंड स्नायुतंतूंमध्ये (स्नायूच्या लांबट पेशींमध्ये) सूक्ष्म सुईने प्रथिनं सोडून हे मोजलं गेलं आहे. आकुंचनाने मायोग्लोबिन या स्नायूतल्या प्रथिनाचं सरकणं जलद झालं नाही. ढवळणं नाही, केवळ विसरण. अशा मजकुरात सैलपणे 'अभिसरण' लिहिलं, तर निष्कर्षच उलटा होतो.

मग सरळ 'पसरणे' का नको? शाई पाण्यात पसरते तिथवर ते चालतं. पण चमकणाऱ्या प्रथिनाने भरलेल्या पेशीत एका ठिपक्यावर तीव्र लेसर मारून तिथली चमक घालवली, तर थोड्या वेळाने तो काळा ठिपका पुन्हा उजळतो. प्रथिनाची संहती (द्रवातलं प्रमाण) आधीही सगळीकडे सारखी होती, नंतरही तेवढीच आहे. कुठे काही पसरलं नाही, रेणूंची फक्त अदलाबदल झाली. ही क्रिया 'विसरण'मध्ये बसते, 'पसरणे'मध्ये नाही.

आता क्रियापद. 'विसरणे' हे वि + स्मृ वरून आलेलं, 'विसरण' वि + सृ वरून. मूळ वेगळं, पण रूपं एकमेकांवर आदळतात. 'मायोग्लोबिन पेशीद्रवात विसरले' असं लिहिलं की वाचक हसणार. म्हणून नाम धरून वाक्य करावं: 'मायोग्लोबिनचे विसरण होते', 'ऑक्सिजन विसरणाने आत पोचतो'. 'विसरित होणे' चालतं, पण जड आहे. मोजमापासाठी 'विसरण गुणांक', आणि ज्या फरकामुळे निव्वळ प्रवाह होतो त्याला 'संहती प्रवणता'. या दोहोंना जोडणारा नियम 1855 मध्ये मांडणारे अडॉल्फ फिक स्वतः शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते आणि स्नायूंवरही त्यांचं काम आहे, हा योग छान आहे.

भाषांतरात हमखास चुकते ती आणखी एक जागा म्हणजे 'विसरणाचा वेग'. वेग म्हटला की वाचक अंतर भागिले वेळ असा हिशोब करतो. विसरणात वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. स्नायूत मायोग्लोबिनचा गुणांक पाण्यातल्यापेक्षा सुमारे दहापट कमी, म्हणजे सेकंदाला साधारण 10 चौरस मायक्रोमीटर. एका दिशेने 10 मायक्रोमीटर सरकायला सरासरी 5 सेकंद, 100 मायक्रोमीटरला 8 मिनिटांहून जास्त, 1 मिलिमीटरला जवळपास 14 तास! म्हणून 'वेग' टाळून 'गुणांक' लिहावा. एककातला 'चौरस' तर कधीच गाळू नये.

'अडथळा' हा शब्दही तपासून वापरावा. स्नायुतंतूत जाड आणि बारीक तंतुकांची दाट जाळी असते. साडेतीन नॅनोमीटरचं मायोग्लोबिन तिच्यातून वाट काढतं, सुमारे 12 नॅनोमीटरच्या फेरिटिन या प्रथिनाचा गुणांक पाण्यातल्याच्या पन्नासाव्या हिश्शावर येतो, आणि 30 नॅनोमीटर व्यासाचं गांडुळाचं हिमोग्लोबिन तंतूच्या लांबीच्या दिशेने सरकल्याचं आढळलंच नाही. आकार पाहून अडवणाऱ्या या जाळीला 'चाळणी' हा साधा शब्द 'अवरोधक संरचना'पेक्षा कितीतरी नेमका.

राहिली 'मांसपेशी'. हा हिंदीचा प्रभाव. हिंदीत पेशी म्हणजे स्नायू आणि मराठी पेशीला तिथे कोशिका म्हणतात. मराठीत पेशी हे जीवाचं मूलभूत एकक, त्यामुळे 'मांसपेशी' वाचून स्नायू की त्यातली एक पेशी, हे कळत नाही. इथे 'स्नायुपेशी' लिहावं, किंवा एकेका लांबट पेशीबद्दल बोलायचं तर 'स्नायुतंतू'. सुटा 'स्नायू' दीर्घ, समासाच्या सुरुवातीला आला की 'स्नायु' ऱ्हस्व.

शीर्षक असं होईल: 'जिवंत स्नायुपेशींमधील प्रथिनांचे विसरण'.