अमेरिकेतील लाकडी पेलेट (भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) जहाजाने इंग्लंडला नेऊन जाळणे ऊर्जेच्या हिशेबाने परवडते का? आपणही शेतातला काडीकचरा असा निर्यात करावा का?

मी बरीच वर्षे मालवाहू जहाजांवर चीफ ऑफिसर होतो आणि जॉर्जियातील सव्हाना बंदरातून इंग्लंडमधील इमिंगहॅमला पेलेट नेलेले आहेत. त्यामुळे "एवढ्या लांबच्या प्रवासातच सगळी ऊर्जा संपत असेल" हे तुमच्या प्रश्नामागचे गृहीतक मला झोंबले. ते चूक आहे.

हेच वाक्य एका गणपतीत माझ्या मेहुण्यांनी भर पंगतीत ऐकवले होते. ते सोयाबीनच्या कुटाराच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या जळणाच्या विटा) तयार करून नागपूरकडून तळोज्याच्या कारखान्यांना ट्रकने पाठवतात. "भावोजी, जितके जळण पोचवता, तितके तेल वाटेत जाळता," असे ते म्हणाले आणि सगळे हसले. त्या रात्री मी कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. जहाजात 40,000 टन पेलेट, टनाला साधारण 17 गिगाज्यूल (ऊर्जेचे एकक), म्हणजे एकूण 6,80,000 गिगाज्यूल. अटलांटिक ओलांडायला 13 दिवस, रोज 25 टन इंधन, त्याच्या टनाला 40 गिगाज्यूल, म्हणजे 13,000. मालातल्या ऊर्जेच्या दोन टक्के! मग त्यांचा ट्रक घेतला: 20 टन माल, 800 किलोमीटर, लिटरला चार किलोमीटर, म्हणजे 200 लिटर डिझेल, ब्रिकेटच्या टनाला 16 गिगाज्यूल धरले, तर हाही खर्च दोन टक्क्यांहून थोडा अधिकच भरतो. सकाळी त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, "आणि परतताना जहाज रिकामे येते, त्याचे काय?" मुद्दा खरा होता. बॅलास्टवरची, म्हणजे माल नसताना तोल राखायला टाक्यांत पाणी भरून केलेली परतफेरी धरली, तर आकडा चारच्या जवळ जातो, आणि त्यांच्या ट्रकला परतीचे भाडे मिळते. तेवढे मी मान्य केले, त्यापुढे काही नाही.

खरी गळती समुद्रात नाहीच. ताज्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणी असते. टनभर पेलेटसाठी त्यातले जवळपास 850 किलो उडवावे लागते आणि नुसत्या बाष्पीभवनालाच दोन गिगाज्यूल लागतात, प्रत्यक्षात त्याहून अधिक. त्यानंतर यॉर्कशायरमधील ड्रॅक्स वीजकेंद्रात जेमतेम 40 टक्क्यांची वीज होते. उरलेली उष्णता बहुतेक शीतकरण मनोऱ्यांतून वाफेबरोबर जाते. त्या मनोऱ्यांकडे कोणी बोट दाखवत नाही, जहाजाचे धुराडे मात्र सर्वांना दिसते.

पैशाचा हिशेब वेगळा आहे. पेलेट भिजले की त्यांचा भुसा होतो, म्हणून पाऊस येताच हॅच (मालकोठीची झाकणे) बंद करून भरणी थांबवावी लागते. सव्हानाला आम्ही असे चार दिवस ढगांकडे पाहत काढले आणि डेमरेजच्या (जहाज खोळंबल्याच्या भरपाईच्या) वादात जहाजाच्या कंपनीने सगळा दोष माझ्या नोंदवहीवर ढकलला. (नोंदी बरोबर होत्या.) शिवाय बंदिस्त होल्डमध्ये (मालकोठीत) पेलेट प्राणवायू शोषतात आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतात, त्यामुळे मीटरने हवा तपासल्याशिवाय तेथे कोणालाही उतरवता येत नाही. एवढे करूनही हा व्यवहार सरकारी आधाराशिवाय उभा राहत नाही. ड्रॅक्सच्या एका संचाला 2012 च्या किमतींनुसार विजेच्या मेगावॅट-तासाला 100 पौंड दराची हमी मिळाली होती.

आपण निर्यात करावी का? माझ्या मते करू नये, पण त्याचे कारण जहाज नव्हे. आपल्या साखर कारखान्यांत ओले चिपाड तिथल्या तिथे जळते, त्याच्या वाफेवर वीज होते आणि टर्बाइनमधून निघालेली तीच वाफ रस आटवायला वापरली जाते. दूर नेण्यासाठी वाळवून, दाबून तयार केलेल्या इंधनाला ही बरोबरी साधत नाही. मेहुण्यांनीही तळोज्याऐवजी नागपूरजवळच वाफ लागणारे गिऱ्हाईक शोधावे, असे मी त्यांना तेव्हापासून सांगत आलो आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: वरचा हिशेब केवळ ऊर्जेचा आहे. तोडलेले झाड पुन्हा वाढायला लागणारी वर्षे आणि तोवर हवेत राहणारा कार्बन त्यात धरलेला नाही, आणि तेथे मेहुण्यांचे कुटार माझ्या पेलेटपेक्षा उजवे ठरते, कारण ते दरवर्षी शेतात नव्याने उगवते.