गोल्फच्या ड्रायव्हरला (लांब फटक्याच्या काठीला) स्टील शाफ्ट, म्हणजे स्टीलची दांडी, टिकत नाही, हेड उडतं असं दुकानदार म्हणतो, खरं आहे का? ग्राफाइटचा शाफ्ट तुटलाय, आयर्नचा (धातूच्या पातळ हेडच्या काठीचा) जुना स्टील शाफ्ट बसवता येईल का?

आयर्नचा शाफ्ट विसरा. त्याचं टोक ९ किंवा ९.४ मिमी असतं, ड्रायव्हरच्या होझलचं, म्हणजे हेडवरच्या ज्या नळीत शाफ्ट बसतो तिचं, भोक बहुतेक ८.५ मिमी. भोक मोठं करायला ड्रिल घालू नका, भिंत पातळ होऊन होझलच फाटेल. शिवाय तो लांबीलाही तोकडा पडतो. वूडसाठीचा (ड्रायव्हर आणि तशाच मोठ्या हेडच्या काठ्यांसाठीचा) ८.५ मिमी टोकाचा स्टील शाफ्ट वेगळा मिळतो, तो मागवा.

आता तुमच्या दुकानदाराचं. हेच वाक्य मी २०११ मध्ये ऐकलंय, तेही चारचौघांत.

लहानपणी मी येरवड्याला गोल्फ कोर्सवर कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहणारा, होतो, पुढे भोसरीत लेथवर लागलो. खेळ सुटला नाही. एक जुना ड्रायव्हर स्वस्तात मिळाला, ग्राफाइट तुटलेला. एका दुकानात स्टील शाफ्ट बसवून घेतला. तिसऱ्या टीवर (खड्ड्याचा पहिला फटका मारतात त्या जागी) फटका मारला आणि हातात नुसती दांडी राहिली. बॉल उजवीकडच्या झाडीत, हेड त्याच्याही अलीकडे गवतात. आमच्यातले सगळ्यात जुने कॅडी, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, ते लगेच म्हणाले, "स्टील घातलंस ना, मग असंच होणार." दुकानदारही तेच म्हणाला, की जड शाफ्ट हेडला झेपत नाही.

मी ते टोक घरी आणून उजेडात धरलं. आरशासारखं चकचकीत. क्रोमवर एक ओरखडा नाही. होझलच्या आत एपॉक्सीची अख्खी नळी तशीच उभी, आतून गुळगुळीत, जणू साच्यातून काढलेली. म्हणजे एपॉक्सीने होझल धरलं होतं, शाफ्टला ते चिकटलंच नव्हतं. क्रोमवर एपॉक्सी धरत नाही. कारखान्यात पहिल्या महिन्यात शिकवतात हे: घासल्याशिवाय चिकटवायचं नाही.

मग मीच बसवला. होझलमधली जुनी नळी हीट गनने मऊ करून खरवडून काढली. जेवढं टोक होझलमध्ये जातं तेवढं मोजलं, त्यावरचं क्रोम पॉलिश पेपरने पार राखाडी होईपर्यंत घासलं, थिनरने पुसलं, फेरूल (सांध्यावरची प्लास्टिकची छोटी कडी) सरकवली. दोन भागांची एपॉक्सी नीट कालवून टोकाला आणि होझलच्या आतही लावली. शाफ्ट फिरवत फिरवत तळापर्यंत बसवला आणि २४ तास हात लावला नाही. तेव्हापासून ते हेड तसूभर हललेलं नाही. मामांना मी ते चकचकीत टोक दाखवलं होतं. ते म्हणाले, "तुझं नशीब." नशीब नव्हतं मामा, पॉलिश पेपर होता.

आणि "स्टील आता कोण वापरतं" हे मला सांगू नका. टायगर वुड्सने १९९७ ची मास्टर्स स्पर्धा १२ फटक्यांनी जिंकली तेव्हा त्याच्या ड्रायव्हरमध्ये स्टीलचाच शाफ्ट होता. हेड झेपलं की!

लांबी मात्र आजच्या ४५-४५.५ इंचांची ठेवू नका, ४३.५ ला कापा. आधी टोकाकडून किती कापायचं ते शाफ्टबरोबरच्या कागदावर असतं, उरलेलं ग्रिपकडून. दोन इंच गेल्यावर हेड हातात हलकं लागतं. स्टीलचं वजन थोडं भरून काढतं, पण सगळं नाही, म्हणून मी हेडच्या मागे ८ ग्रॅम शिशाची पट्टी लावलीय. अंतर थोडं जातं. मला फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) हवा असतो, त्यामुळे चालतं.

हो, एक राहिलं. ग्राफाइट ६० ग्रॅमच्या आसपास, स्टील ११०-१२५. तुमचा स्विंग मंद असेल किंवा कोपर-खांदा दुखत असेल तर स्टील घालू नका, पुन्हा ग्राफाइटच घ्या. ड्रायव्हर नव्या पद्धतीचा, स्क्रूने सुटणाऱ्या अडॅप्टरचा असेल तर जुना शाफ्ट सोडवायला अडॅप्टर काढून तोच तापवा. हेडच्या वरच्या कार्बनला उष्णता लागू देऊ नका, आणि गॅसची ज्योत तर कशालाच नको.

दुकानात देणार असाल तर चिकटवण्याआधी टोक दाखवायला सांगा. राखाडी दिसलं पाहिजे. चकाकत असेल तर तिथेच उभं राहून परत घासून घ्या.