फ्रान्समधे इंग्रजी शिकवायला जाऊ का? आणि वाचकांचे आणखी दोन प्रश्न

प्रश्न: ताई, मी पुण्यात एमए फ्रेंच करतेय, फ्रेंचची बी-टू म्हणजे वरच्या मध्यम पातळीची परीक्षा झालीये. फ्रान्सच्या सरकारी शाळांत इंग्लिश असिस्टंट म्हणून सात महिने जाता येतं असं आमच्या मॅडमनी सांगितलं. घरचे म्हणतात एवढ्या कमी पगारावर कशाला जायचं, आणि मला वेगळीच भीती आहे, मी मराठी मीडियमची, माझं इंग्रजी ऐकून तिथली पोरं हसतील. काय करू? – एक वाचक, पुणे

उत्तर: जा गं, नक्की जा, फक्त पैसे साठवायला म्हणून जाऊ नकोस. काम आठवड्याला 12 तास, 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल, आणि हातात साधारण 800 युरो महिना येतात. पॅरिसमधे यातला बहुतेक पैसा नुसत्या खोलीत जाईल, म्हणून फॉर्ममधे पसंतीचे विभाग विचारतात तिथे पॅरिसच्या मागे लागू नकोस. मी उत्तर फ्रान्समधल्या लील शहराच्या बाजूला एका छोट्या गावातल्या शाळेत होते, तिथे भाडं पगाराच्या निम्म्याच्या आत बसायचं, शिवाय काफ नावाच्या सरकारी संस्थेकडे भाड्याच्या मदतीसाठी अर्ज करता येतो, आणि मुख्य म्हणजे छोट्या गावात दिवसभर फ्रेंचच बोलावं लागतं, ते तुला पुण्यात कितीही क्लास लावलेस तरी मिळणार नाही. घरच्यांना हेच सांग, की एमएनंतर भाषांतर म्हण, शिकवणं म्हण, कंपनीतलं काम म्हण, सगळीकडे हे सात महिने उपयोगी पडतात.

आता इंग्रजीचं. तिथली पोरं तुला हसणार नाहीत, त्यांचं स्वतःचंच तोंड उघडत नाही. अकरा ते पंधरा वर्षांची मुलं, व्याकरण बरं येतं, पण बोल म्हटलं की मान खाली. ही भीती तुला आतून माहितीये, पाचवी-सहावीत आपणही असंच बाकावर बसून मनातल्या मनात वाक्य जुळवायचो ना? लंडनहून आलेल्या असिस्टंटला ते समजून घ्यायला वेळ लागतो, तुला लागणार नाही. आणि तू असिस्टंट आहेस, धडा पूर्ण करणं आणि मार्क देणं हे वर्गशिक्षकांचं काम, तुझं काम एवढंच की आठ-दहा जणांचा गट घेऊन त्यांना बोलतं करायचं.

त्यासाठी इथून सामान ने. मी दिवाळीतल्या किल्ल्याचे फोटो नेले होते, आमच्या अंगणातला मातीचा किल्ला, वर अळीव उगवलेलं, पायऱ्यांवर मावळे आणि सिंहासनावर महाराज. तिथली मुलं शाळेत त्यांच्याकडचे मध्ययुगीन किल्ले शिकलेली असतात त्यामुळे लगेच डोळे चमकले, मग एकाने फोटो बघून इंग्रजीत सांगायचं, मावळा बुरुजाच्या मागे आहे, तोफ दरवाज्यापाशी आहे, आणि दुसऱ्याने फोटो न बघता कागदावर काढायचं. पहिल्या रांगेतला एक मुलगा महिनाभर एक शब्द बोलला नव्हता, तो तोफ चुकीच्या जागी काढली म्हणून मित्राशी इंग्रजीत भांडायला लागला. वाक्य तुटकं होतं, मी मधे टोकलं नाही, तूही टोकू नकोस, भांडण संपू दे मग फळ्यावर नीट लिहून दाखव.

कागदपत्रांचं मात्र आत्तापासून बघ. जन्मदाखल्यावर तुझं नाव आणि आई-वडिलांची नावं आहेत ना ते आजच तपास, आपल्याकडे जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं आणि ते घालून घ्यायला महापालिकेत खेटे घालावे लागतात. मग त्याचं अपोस्टिल करून घे, म्हणजे दाखला परदेशात खरा धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, तिथल्या आरोग्य विम्याच्या नोंदणीला जन्मदाखला मागतात. पासपोर्टवर वडिलांचं नाव तुझ्या नावाला जोडून असेल तर तिथे बँकेत, शाळेत, विम्यात सगळीकडे ते तसंच लिही, एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही असं झालं की फाइल अडकते. पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन व्हॅलिडेट करायचा असतो, ते पहिल्याच आठवड्यात उरकून टाक. घरमालक हमीदार मागतात, आपला तिथे कोण असणार, तर तिशीच्या आतल्यांना व्हिसाल नावाची मोफत हमी मिळते, ती खोली शोधायच्या आधीच काढ. आणि पहिला पगार ऑक्टोबरअखेर, कधीकधी नोव्हेंबरातच हातात पडतो, तेव्हा डिपॉझिट आणि दोन महिन्यांचा खर्च इथूनच घेऊन जायचा. घरच्यांकडे मदत मागायचीच असेल तर ती याच्यासाठी माग.

प्रश्न: मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. फ्रान्समधल्या शाळेत जेवायचं कसं? – एक वाचक, सांगली

उत्तर: शाळेच्या कँटीनला आठवड्यातून एक जेवण शाकाहारी द्यावंच लागतं, 2019 पासून तसा नियम आहे, पण त्यात अंडं आणि चीज धरतात. बाकीचे दिवस डबा. मसूर, हरभरे, तांदूळ सुपरमार्केटमधे सहज मिळतात, कुकर आणि गोडा मसाला घरून न्या. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारीच बाजार करून ठेवा.

प्रश्न: मुलाला थायलंडमधे इंग्रजी शिक्षकाची नोकरी लावतो म्हणून एजंट दीड लाख मागतोय. म्हणतो आधी टुरिस्ट म्हणून जा, परमिट तिथे गेल्यावर करू. देऊ का? – एक पालक, जळगाव

उत्तर: देऊ नका, काका. थायलंडमधे शिकवायला कामाचा व्हिसा आणि वर्क परमिट लागतं, टुरिस्ट म्हणून शिरून काम केलं तर तो गुन्हा, आणि पकडला जाईल तुमचा मुलगा, एजंट नाही. सरकारकडे नोंदणी असलेल्या एजंटला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या वेबसाइटवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, त्यात याचं नाव शोधा. थायलंडची नोकरी सांगून नेलेल्या आपल्या मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमधे म्यावाडीला डांबून ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं होतं, 2022 मधे परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल इशाराही दिला होता, तेव्हा ही भीती उगाच घालत नाहीये. शाळेचं नाव आणि ऑफर लेटर मागा, ते बँकॉकच्या भारतीय दूतावासाला मेल करून खरं आहे का विचारा, आणि उत्तर येईपर्यंत मुलाचा पासपोर्ट एजंटच्या हातात देऊ नका.