आयएनजी दिसलं की आधी मराठीत बोलून बघ
अरे, इंग्रजीत जेरंड (नामासारखं वापरलेलं क्रियापद) आणि पार्टिसिपल (विशेषणासारखं वापरलेलं क्रियापद) या दोघांचं शेपूट सारखंच, त्यामुळे नुसत्या ‘आयएनजी’कडे बघत बसू नकोस. ‘स्लीपिंग बॅग’ म्हणजे झोपायची पिशवी. पिशवी काही झोपत नाही, म्हणून जेरंड. ‘स्लीपिंग बेबी’मध्ये बाळ खरंच झोपलेलं असतं, म्हणून पार्टिसिपल. मोठ्याने म्हण: पहिल्यात जोर ‘स्लीपिंग’वर पडतो, दुसऱ्यात ‘बेबी’वर. व्याख्या पाठ करून माझं तर डोकंच उठायचं, मी हे कानानेच शिकलो.

‘व्हिजिटिंग रिलेटिव्ह्ज’ मात्र चकवतं. पुढे ‘इज’ आलं तर नातेवाइकांकडे जाणं, म्हणजे जेरंड. ‘आर’ आलं तर घरी येणारे पाहुणे, म्हणजे पार्टिसिपल. आणि ‘कॅन बी’ आलं तर? मागचंपुढचं वाक्य वाचल्याशिवाय उत्तर लिहूच नकोस.